पुरी यात्रेतली तीन पानं

"थिअरी विसरा," भुपेंद्र सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे सगळं इंडस्ट्रीसारखं चालणार." आणि मी भुलले. बी.ए.ची वर्षं मी दुसऱ्यांच्या नोट्सच्या झेरॉक्सवर काढली होती, त्यामुळे हाताने काही करायला मिळणार म्हटल्यावर मला आणखी काही नको होतं. प्रकाशन व्यवसायाची एक वर्षाची पदविका, तीही गोंदियात, दवनीवाड्याहून स्कूटीने रोज जाऊन येता येईल अशी. बाबा म्हणाले होते, "पुस्तक छापाले शिकाले कायले लागते? प्रेसवाला छापतेच ना." बाबांचं ऐकायला हवं होतं, असं नंतर मला आठवड्यातून एकदा तरी वाटायचं. आता हे सांगतानाही वाटतं आहे.

इंडस्ट्री म्हणजे काय, ते पहिल्या सत्रात कळलं. कॉलेजच्या प्रवेशाचं बॅनर आम्ही केलं. माहितीपत्रक आम्ही केलं. स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणांवर पत्ते आम्ही चिकटवले आणि ती वाटायला भर उन्हात गावभर आम्हीच फिरलो. सर याला लाइव्ह प्रोजेक्ट म्हणायचे. फुकटची मजुरी म्हटलं की त्यांना राग यायचा. सर नागपूरला एका पेपरच्या जाहिरात विभागात काही वर्षं होते, आणि पुस्तकात मजकूर असतो हा पुस्तकाचा एक दोष आहे असं त्यांचं मत असावं. तोंडाने ते तसं म्हणत नसत, पण वागत तसेच. फर्मा म्हणजे काय, सोळा पानं एका मोठ्या कागदावर उलटसुलट कशी बसवतात आणि घडी घातल्यावर ती सरळ कशी होतात, हे मी यूट्यूबवर बघून आणि घरी पेपरच्या घड्या घालून शिकले. आई म्हणायची, "पोरगी पुड्या बांधाले शिकून राहिली."

दुसऱ्या सत्रात मात्र खरं काम निघालं. प्रत्येकाने एक लेखक शोधायचा, त्याचं लिखाण आणायचं, संपादन करायचं, पानं लावायची, छापून घ्यायचं आणि विकायचंसुद्धा. वर्षअखेरीस पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादक बाई ही पुस्तकं बघणार होत्या आणि आमच्यातल्या एकाला सहा महिने कामाला नेणार होत्या. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की वर्गातल्या रेणूशी मी त्या काळात धड बोलतही नव्हते, कारण तिलाही हवी होती.

रेणूने एका शिकवणीवाल्या सरांचे हमखास यशाचे प्रश्नसंच आणले. विक्कीने जिल्ह्यातल्या राइस मिलवाल्यांची माहितीपुस्तिका काढायची ठरवली; दर पानाला एक जाहिरात आणि मालकाचा हार घातलेला फोटो. सरांनी विक्कीच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात पब्लिशिंग," म्हणाले. मी आणली शकुंतला मामी.

बिरसी हे माझ्या आईचं माहेर. शकुंतला मामी म्हणजे आईच्या चुलतभावाची, ईश्वरदास मामाची बायको. ईश्वरदास मामा तापाने गेला तेव्हा मामी तिशीच्या आत होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती त्याच घरात आहे, थोरले दीर मुन्नालाल मामा यांच्या छत्राखाली. मुन्नालाल मामांची धानशेती आहे, धानाचा व्यापारही आहे, आणि सगळ्या भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. मामी दहावी शिकलेली. तिला लिहायची सवय, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर. मागे एकदा सगळी भावकी बस करून जगन्नाथपुरीला गेली होती, त्या यात्रेचं तिने सविस्तर वर्णन लिहून ठेवलं होतं. "छापशील त ने," म्हणाली, आणि कॅलेंडरांची सुरळी माझ्या हातात दिली.

मी घरी नेऊन वाचायला बसले आणि डोकं धरलं. बसमध्ये खिडकीशी कोण बसलं, रायपूर ओलांडल्यावर माझ्या मामेभावाला, कैलाशदादाला धरून कोणाकोणाला उलट्या झाल्या, पुऱ्यांचा डबा कोणी लपवला, भजनाला सुरुवात कोणी केली आणि मध्येच झोपलं कोण. सगळं नावानिशी. लग्नपत्रिकेत नसतील इतकी नावं. संपादक बाईंना हे दाखवलं तर त्या मलाच पुरीला पाठवतील असं वाटलं.

आणि मग समुद्र आला. सगळी मंडळी लाटांत उतरलेली, मामी एकटी पिशव्या राखत वाळूत बसलेली, आणि तिथे तीन पानं अशी, की मी ती वाचून उठले आणि आईशी न बोलता अंगणात जाऊन उभी राहिले.

लांजीकडून दुधराम नावाचा माणूस दर हंगामाला थ्रेशर घेऊन बिरसीला यायचा. ईश्वरदास मामा गेल्यानंतर दुसऱ्या हंगामात त्याने आपल्या आत्याला मुन्नालाल मामांकडे पाठवलं आणि मामीशी पाट लावायचं विचारलं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. मुन्नालाल मामा अंगणातच नाही म्हणाले. चहा संपायच्या आत विषय संपला. मामीने लिहिलं होतं: "मी दाराच्या मागे होते. हातात कणकेची परात होती. थोरल्यांसमोर बोलायचं नसतं म्हणून बोलले नाही. तो माणूस मला आवडत होता. मला विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं." आणि लगेच पुढची ओळ: "मग सगळी मंडळी आंघोळ करून आली. कैलाशची एक चप्पल लाटेने नेली होती."

ही तीन पानं छापून आली की झालं, हे मला तेव्हाच कळलं. बाकी पुस्तक कसंही असो. वर्षभर बॅनर आणि पत्ते चिकटवून मी जे शिकले नव्हते, ते या तीन पानांनी पुण्याला सिद्ध होणार होतं: की चांगलं लिखाण समोर आलं तर या मुलीला ते ओळखता येतं.

मग चार महिने मी बिरसीच्या फेऱ्या मारल्या. मामी ओसरीवर बसायची, मी लॅपटॉप घेऊन समोर. डोक्यावरून जवळच्या वैमानिक शाळेची विमानं घिरट्या घालायची, आवाज जाईपर्यंत दोघी गप्प. आणि विमान गेलं की भांडण पुन्हा सुरू.

"मामी, ही नावं थोडी कमी करू."

"कायले? बसमधी होते ना ते?"

"पण वाचणाऱ्याला काय त्यांचं?"

"वाचनार तेच आहेत ना."

मी म्हटलं, समुद्राची पानं आपण पहिल्यांदा घेऊ, पुस्तक तिथूनच सुरू करू. ती म्हणाली, "जिथं आठवलं तिथंच राहू दे." मी म्हटलं, चपलेची ओळ तरी काढू, रसभंग होतो. ती म्हणाली, "चप्पल त गेलीच होती." चांगलं लिहिणारी माणसं इतकी हेकट असतात हे कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेवटी मी त्या तीन पानांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त स्वल्पविराम दिले, परिच्छेद पाडले, आणि रात्री झोपताना ती पुन्हा वाचली.

त्या ओसरीवर आणखी एक गोष्ट माझं डोकं उठवायची. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. पदर घ्यायचा, आड व्हायचं, आणि काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. नव्या सुना हल्ली पाळत नाहीत, मामीने आयुष्यभर पाळलं. मी तिथे असले की तिसरी मीच. मुन्नालाल मामा अंगणातून म्हणायचे, "दुर्गेश्वरी, तिले सांग, उद्या रोवणीवाल्या बाया येऊन राहिल्या." मामी चार हातांवर दाराआड उभी, तिला शब्द न् शब्द ऐकू गेलेला. तरी मी म्हणायचं, "मामी, उद्या धान लावायला बाया येणार आहेत." मग मामी मला, "त्यायले सांग, भाजी आनाव लागते." आणि मी मामांना, "भाजी आणावी लागेल." दोघांचेही कान शाबूत असताना मी मधे माइकसारखी. एकदा चिडून मी मामांना म्हटलं, तुम्हीच का सांगत नाही सरळ? ते म्हणाले, "रीत आहे." एवढंच.

पुस्तक तयार झालं. छपाईला सरांनी नागपूरची डिजिटल प्रेस सुचवली, कारण तिथला मालक त्यांचा मित्र. मलाही तीच हवी होती. छपाई स्वच्छ, कागद चांगला. पण मामी अडून बसली. "नंदलालच्याच प्रेसात. आमच्या घरचं सारं तिथंच छापते." नंदलाल म्हणजे गोंदियाचे लग्नपत्रिकावाले. बिरसीच्या त्या घरातलं एकही लग्न, एकही तेरवी त्यांच्या कागदाशिवाय झालेली नाही. मी पुष्कळ सांगून बघितलं, की मामी, पत्रिका वेगळी, पुस्तक वेगळं. "कागदच ना," म्हणाली. मी कपाळाला हात लावला आणि नंदलालजींच्या पायऱ्या चढले.

माणूस वाईट नव्हता. ऑफसेट मशीन जुनं, पण हात बसलेला. मी फर्म्यांचा हिशेब लावून दाखवल्यावर म्हणाले, "वा बेटा, कॉलेज में ये सब भी सिखाते हैं?" मी फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकली, प्रूफ मी स्वतः तपासणार, माझ्या सहीशिवाय मशीन चालवायचं नाही, असं दोनदा बजावलं.

तीन दिवसांनी प्रूफ बघायला गेले तर नंदलालजी हसतमुखाने म्हणाले, "बस ओके आना बाकी है. मुन्नालालजी को भेज दिया है."

"काय भेजा?"

"पूरी किताब. पीडीएफ बनाके, व्हॉट्सअप पे."

"पण का? त्यांचा काय संबंध? लिहिलं मामीने आहे."

त्यांना माझा प्रश्नच कळेना. घरच्या कर्त्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यांनी आजवर कधी मशीन चालू केलं नव्हतं. एकदा म्हणे एका पत्रिकेत फूफाजींचं नाव राहिलं, आणि मांडवातून अर्धी वरात परत गेली. तेव्हापासून हा त्यांचा नेम. "और इसमें तो पूरे खानदान के नाम हैं," ते म्हणाले. "मेरे हिसाब से कार्ड ही हुआ. मोटा कार्ड."

मी तिथल्या स्टुलावर बसले. पुस्तकाची लग्नपत्रिका होण्याचा अपघात जगात फक्त माझ्याच नशिबी असावा. मुन्नालाल मामा ती तीन पानं वाचत आहेत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मी बाहेर येऊन मामीला फोन लावला. कसंबसं सांगितलं. वाटलं, ती घाबरेल, रडेल, मला शिव्या देईल.

"पूरं पाठवलं का?" तिने विचारलं.

"सगळं."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढे चार दिवस काही नाही. बिरसीहून ना फोन, ना निरोप. मी वर्गात बसायचे आणि आतल्या आत धुमसायचे. सर त्या आठवड्यात 'वाचकापर्यंत पोचण्याचे मार्ग' शिकवत होते, म्हणजे विक्कीच्या माहितीपुस्तिकेचं कौतुक करत होते. पाचव्या दिवशी नंदलालजींचा फोन आला. "बेटा, वो समुंदरवाले तीन पेज निकालने हैं. घर से फोन था. तुम पेज फिर से सेट कर दो, तो मशीन चढ़ा दूँ."

घर से. आणखी काय विचारायचं होतं? मी सरांच्या खोलीत गेले.

सगळं ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "मग अडचण काय आहे?"

"सर, ती तीन पानं म्हणजेच पुस्तक आहे."

"तुझ्यासाठी. क्लायंटसाठी नाही."

"क्लायंट कोण? लेखिका मामी आहे. दिराने फोन करून पानं काढायची?"

सरांनी खुर्ची मागे रेलली. "दुर्गेश्वरी, प्रती कोण घेणार आहे? ती फॅमिली. प्रत्येक घर पाच-पाच घेईल, नावं आहेत सगळ्यांची. वर्गात सगळ्यात जास्त बुकिंग तुझं आहे, तुला माहीत आहे? आणि तू कुटुंबातली भांडणं छापायला निघालीस." मग त्यांनाच सुचलं आणि ते खूश झाले. "एक कर. ती तीन पानं रिकामी होतात ना, तिथे बससमोरचा ग्रुप फोटो टाक. रंगीत."

माझा तोल गेला. "सर, मग वर्षभर तुम्ही आम्हाला शिकवलं काय?"

"हेच," सर म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की धडा आता पूर्ण झाला.

मी बॅग उचलली आणि स्कूटी थेट बिरसीला काढली. रस्ताभर मी मुन्नालाल मामांना काय काय बोलायचं ते जुळवत होते. घरच्या मोठ्यांना मी कधी उलटून बोलले नव्हते, पण त्या दिवशी बोलणार होते. एकदा अंगणात बसून तुम्ही तिच्या वतीने नाही म्हणालात, आता पुस्तकातही म्हणता? असं वाक्य तयार होतं. चांगलं होतं वाक्य.

मामा अंगणात खुर्चीवर बसले होते. धानाची पोती भरून ट्रॅक्टर नुकताच गेला असावा, जमिनीवर दाणे सांडले होते. मी स्कूटी उभी केली आणि नमस्कारही न करता सुरुवात केली.

"मामा, तुम्ही ती पानं का काढली?"

"कोनती पानं?"

"समुद्राची. तुम्हाला चांगलं माहीत आहे कोणती."

मामा सत्तरीचे आहेत, पण त्या दिवशी जास्त वाटले. "मी नाई काढली," ते म्हणाले. "नंदलालनं विचारलं, छापू का. मी म्हनलो, छाप. तिनं लिहिलं आहे त छाप."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. "मग कोणी काढली?"

त्यांनी हनुवटीने दाराकडे खूण केली.

मामी दारामागेच होती, पदर घेऊन. मी आत शिरले. "मामी, तू? तू फोन केला नंदलालजींना?"

"हो. तू बस अगोदर."

"काऊन पण?"

"दुधरामच्या घरी सुना आहेत. नातवंडं आहेत. त्यायनं का वाचाचं हे?"

याचा उपाय माझ्याकडे तयार होता, कारण कॉपीराइट आणि बदनामीचं प्रकरण मी नेटवरून वाचलं होतं. "नाव बदलू ना. गावाचंही बदलू. कोणाला कळणार नाही."

"नाव बदललं त मंग तो राहिला कुठं त्याच्यात?"

"मामी, चार महिने मी..." माझा आवाज फाटला. "माझं सगळं त्या तीन पानांवर होतं. पुण्याच्या बाईंना मी काय दाखवू आता? कैलाशदादाच्या उलट्या?"

"यात्रा दाखव. यात्रा का वाईट आहे?"

मला भांडं फेकावंसं वाटलं. ती मात्र शांतपणे जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. "चार महिने तू तेच पान वाचून राहिली, बाई. कॉमा टाकून राहिली. मले म्हने, लय सुंदर लिहिलं मामी. पन तो मानूस जिता आहे का मेला, हे एकदा तरी विचारलं का मले?"

विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला दुधराम म्हणजे एक परिच्छेद होता.

"मग लिहिलंच कशाला?" मी म्हटलं. राग कमी झाला नव्हता, फक्त कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मामीने अंगणाकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ज्यायनं वाचाले पाह्यजे होतं, त्यायनं वाचलं. मले त त्यायच्यासंग बोलता येत नाई ना. नंदलाल त्यायले दाखवल्याबिगर काही छापत नाई, हे का मले ठाऊक नोहोतं?"

मी खाली बसले. चार महिने मी पानं लावत होते, परिच्छेद पाडत होते, सरांशी भांडत होते, आणि मामीने मला नुसतं पोस्टमनचं काम लावलं होतं, तेही मला न सांगता. तिच्या लिखाणावर माझा हक्क नाही, हे मला कळत होतं. तरी माझं काहीतरी कोणीतरी परस्पर नेलं असं वाटत होतं, आणि तक्रार करायला जागा नव्हती. तिच्यावर चिडावं तर ती खरी होती. मामांवर चिडावं तर त्यांनी छाप म्हटलं होतं. पुस्तक उद्या छापून येणार होतं, भावकीत वाटलं जाणार होतं, आणि त्यात माझ्या लेखी काही राहिलं नव्हतं.

"दुर्गेश्वरी," बाहेरून मामांची हाक आली. "तिले सांग."

मी उठून उंबरठ्यावर गेले. नेहमीची जागा. मामी माझ्या मागे, मामा समोर खुर्चीत. मामा माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीवरच्या दाण्यांकडे बघत होते.

"तिले सांग का मी परवा लांजीले जाऊन आलो. दुधराम आहे. बायको जाऊन त्याले लय वर्षं झाली." डोक्यावरून एक विमान चाललं होतं, आवाज जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. "तवा मी तिले विचारलं नाई. आता विचारून राहिलो. तिची हो असन त मी त्याच्या पोरायसंग बोलतो. लोकं का म्हनतीन, ते मी पाहून घेईन. विचार तिले."

या माणसाला मी आज काहीबाही बोलणार होते. मामीने सगळं ऐकलं होतं, चार हातांवर तर होती. तरी रीतीप्रमाणे मला सांगायला हवं होतं. मी मागे वळले. "मामी, मामा विचारत आहेत की..."

तिने हाताने मला बाजूला सारलं. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण चेहरा उघडा. ती उंबरठा ओलांडून अंगणात गेली, मामांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मामा एकदम उठले. भावकीतलं कोणीही आलं तरी ते बसूनच बोलतात.

"आता नाई, भाऊजी," मामी म्हणाली.

त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मी उंबरठ्यावर उभी, काही सांगायचं राहिलं तर म्हणून.

"बरं," मामा म्हणाले. मला नाही, तिला.